धुक्याची थकबाकी

लोरेटा: मासा खराब आहे असं मी एकदाही म्हटलं नाही, फिलोमिना मावशी. कौन्सिलला तो घेता येत नाही, एवढंच.

फिलोमिना: एकच झालं ते. मासा परत आला की लोक कारण विचारत बसत नाहीत. हा सुक्या माशाचा टब घेऊन सगळा चढ चढून आलीस तू. तुझ्या सासूच्या खिडकीखालून आलीस ना?

लोरेटा: गावात दुसरा रस्ता आहे कुठं?

फिलोमिना: झालं मग. फ्लॉरेन्सनं पाहिलं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगितल्यासारखं. रविवारी सगळे माझ्याकडं बघतील, जशी काही माझ्या माशावर बुरशी चढलीय. लिएंडर, जागा आहेस का? आपला मासा परत केलाय.

लिएंडर: जागा आहे. कुठल्या प्रतीचा ठरवला?

लोरेटा: प्रत कुणी ठरवलीच नाही, काका.

लिएंडर: पारखी नव्हता?

लोरेटा: कौन्सिलमध्ये माशाचा पारखी नसतो. मी असते, महापौर असतात आणि रस्त्यावरचा बर्फ काढणारा ऑस्टिन असतो.

लिएंडर: मग परत कसा केला? पारखल्याशिवाय मासा परत करत नाहीत. माझ्या बापाचा मासा क्रोकवेल व्यापाऱ्याच्या धक्क्यावर असाच पडला होता. पारख्यानं वरवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, तिसरी प्रत, वेस्ट इंडीजला जाईल. बापानं एकेक मासा उचलला आणि धक्क्यावरून पाण्यात सोडला. सगळा उन्हाळा सोडला त्यानं पाण्यात. मी शेजारी उभा होतो. वाळलेले मासे बुडतात थोडेच? ओहोटीबरोबर निघाले रांगेनं. घरी चालल्यासारखे.

फिलोमिना: आणि त्या हिवाळ्यात तुम्ही सगळ्यांनी नुसता अभिमान खाल्लात.

लिएंडर: अभिमान आणि बटाटे.

लोरेटा: मावशी, आपण मुद्द्यावर येऊया का? हा दंड आहे. शंख वाजवल्याचा. लोकांची झोपमोड होईल असा आवाज करू नये, असा नियम आहे. तुम्ही तो मोडलात...

फिलोमिना: मी कधी नाही म्हटलं? धुकं होतं, वाजवला. त्याचे जे काही होतात ते दिले. गेल्या वर्षीही दिले. तुझ्या खुर्चीत तेव्हा अँब्रोज होता. त्यानं मासा घेतला, टोपी काढली आणि म्हणाला, फिटलं.

लोरेटा: अँब्रोजनं तुमचा मासा खाल्ला आणि दंड स्वतःच्या खिशातून भरला. ते मला मागाहून कळलं.

फिलोमिना: भला माणूस. तू नाही का मासा खात?

लोरेटा: खाते. प्रश्न तो नाही.

फिलोमिना: बरं, मग गसचं काय? त्याची बकरी दफनभूमीत शिरून फुलं खाऊन आली, तेव्हा कुठं त्यानं पैसे मोजले? कौन्सिलचं दार रंगवून दिलं. ते चाललं तुम्हाला.

लोरेटा: दार रंगवायचंच होतं.

फिलोमिना: होडीच्या तळाचा रंग लावलाय त्यानं. लालभडक. कौन्सिलात शिरताना बोट उलटल्यासारखं वाटतं. माझा मासा त्या दारापेक्षा तरी बरा की नाही?

लोरेटा: बरा आहे. शंभर वेळा बरा आहे. पण मला हे सांगा, एवढा मासा कशाला दिलात? दंड तर त्याच्या चौथाईचाही नव्हता.

फिलोमिना: ते पुढचं.

लोरेटा: पुढचं म्हणजे?

फिलोमिना: नाताळपर्यंतच्या धुक्याचं. दर वेळी कोण तुझ्या दाराशी खेटे घालणार? एकदा देऊन टाकलं की मी मोकळी, तू मोकळी.

लोरेटा: आगाऊ दंड?

फिलोमिना: त्यात काय? चर्चमधल्या बाकाचे आम्ही वर्षाचे आगाऊच देतो. तिथं कुणी डोळे मोठे करत नाही.

लोरेटा: मावशी, दंड म्हणजे किंमत नव्हे. किंमत दिली की वस्तू आपली होते. दंड दिला की ती गोष्ट पुन्हा करायची नाही, असा त्याचा अर्थ.

फिलोमिना: थांब. द्यायचंही आणि वर ती गोष्ट मिळायचीही नाही?

लोरेटा: हो. तसंच.

फिलोमिना: ऐकलंस, लिएंडर? क्रोकवेलच्या दुकानातसुद्धा असा व्यवहार नव्हता.

लिएंडर: क्रोकवेल निदान पीठ द्यायचा. पोरकिडे असायचे त्यात. पण पीठ असायचं.

लोरेटा: तुम्ही दोघं मिळून मला वेडी करणार आहात आज.

फिलोमिना: आधी कोट काढ आणि बस. पाव तळलाय, काकवी लावून देते. लिएंडर, तिला पाय पसरायला जागा दे. तक्रार त्याचीच ना? त्या व्हिटलॉकची?

लोरेटा: तक्रार कुणाची ते सांगता येत नाही.

फिलोमिना: गावात नवीन माणूस तो एकटाच. बाकी सगळे पहाटे जागेच असतात, ते झोपणार एकदम गाडल्यावरच.

लोरेटा: बरं, त्यांचीच. टोरंटोहून पाहुणे येतात त्यांच्याकडं, शांततेसाठी पैसे मोजून. त्यांनी लेखी दिलंय की पहाटे डोंगरावर गाय मरत असल्यासारखा आवाज येतो. एक बाई तर ब्लँकेट घेऊन गाय शोधायला निघाल्या होत्या.

लिएंडर: सापडली?

लोरेटा: काका, प्लीज. हे बघा, मी आज फक्त मासा द्यायला आले नाही. काल बैठक झाली. ठराव झालाय की पुढच्या बैठकीत तुमचं म्हणणं ऐकून घेईपर्यंत शंख कौन्सिलच्या कपाटात राहील. तो मला न्यावा लागेल. मी नाही नेला तर ते हवालदाराला पाठवतील.

फिलोमिना: आमच्या दाराशी पोलीस?

लोरेटा: म्हणून तर मी म्हटलं, मीच जाते.

फिलोमिना: त्या खिडकीत आहे. लोकरीच्या मोज्यात. घे.

लोरेटा: तुम्ही बैठकीला या ना. सांगा तिथं. मीही बोलेन तुमच्या बाजूनं.

फिलोमिना: घे म्हटलं ना. सही कुठं करायची? इथं? हं. झालं. पाव खा, थंड होतोय.

लोरेटा: मला वाटलं होतं, तुम्ही भांडाल.

फिलोमिना: हिशोबावर भांडते मी. दाराशी आलेल्या माणसाशी नाही भांडत.

लिएंडर: आज येईल.

लोरेटा: कोण, काका?

लिएंडर: धुकं. धक्क्यापाशी गुडघ्याएवढं झालंय. या घराला आधी कळतं. जिन्याची तिसरी पायरी बोलायला लागते.

लोरेटा: घराला कसं कळेल?

लिएंडर: हे घर पाण्यावरून आलंय, पोरी. समोरच्या टर बेटावरून. तू लग्न होऊन आलीस, तुला कुठून माहीत असणार. खाली रिकामी पिंपं बांधली, गावातल्या सगळ्या होड्या जुंपल्या आणि ओढत आणलं. फिलो आत होती.

फिलोमिना: चूल पेटलेली होती. कुणीतरी आत हवं होतं.

लिएंडर: मी पुढच्या होडीत. मागं वळून बघतो तर माझंच घर माझ्या मागून येतंय. धुराड्यातून धूर निघतोय आणि खिडकीत बायको चहा पितेय. अजून स्वप्नात येतं. स्वप्नात आम्ही किनाऱ्याला लागतच नाही. मी ओढतोय आणि घर येतंय. वाईट नाही वाटत तसं. दमायला होत नाही स्वप्नात.

फिलोमिना: चहा नव्हते पीत. रडत होते.

लिएंडर: लांबून चहासारखं दिसलं.

लोरेटा: का रडत होता, मावशी?

फिलोमिना: पाव खा तू.

लिएंडर: बहीण राहिली ना तिकडं. कन्सेप्टा. सरकारचा माणूस आला होता, म्हणाला, बेट सोडा, इकडं शाळा आहे, डॉक्टर आहे, दर घराला पैसे देऊ. पण सगळ्यांनी हो म्हणायला हवं. शाळेच्या खोलीत हात वर करायला लावले. कन्सेप्टाचा हात मांडीवरच. ती हो म्हणाली नाही म्हणून कुणालाच काही मिळालं नाही.

फिलोमिना: मी तिला म्हटलं, माझ्या पोरांची शाळा अडवलीस तू. ती म्हणाली, तू आईला थडग्यात एकटी टाकून चाललीस. झालं. पैसे न घेता निघालो. तेव्हापासून बोलणं नाही. पत्र नाही, फोन नाही. पोरं मोठी झाली, पांगली. रोममध्ये किती पोप झाले. आमचं काही झालं नाही.

लोरेटा: ती अजून आहे तिथं?

फिलोमिना: ती आणि आणखी चार धुराडी. स्वच्छ दिवसाला तिच्या दोरीवरचे कपडे दिसतात मला. बुधवारी धुते. आई सोमवारी धुवायची.

लोरेटा: आणि शंख?

लिएंडर: दोन आहेत. मासा घेऊन गलबतं वेस्ट इंडीजला जायची ना, तिथून या बहिणींच्या बापानं आणले होते. दोघींना एकेक. तिकडून बाहुल्या आणतात लोक.

फिलोमिना: बाहुलीनं होडी घरी येत नाही.

लिएंडर: इकडं आलो त्या पहिल्या शरदात मी जाळी काढायला गेलो आणि मधोमध धुक्यात सापडलो. होकायंत्र घरी विसरलो होतो.

फिलोमिना: विसरला नव्हता. हरवलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं.

लिएंडर: तेही खरं. तर टर बेटावरून शंख वाजला. कन्सेप्टानं माझ्या इंजिनाचा आवाज ओळखला होता. मग या बाजूनं फिलोनं वाजवला. मी इंजिन बंद केलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं, होडीचं नाकसुद्धा नाही. एका कानात मेहुणी आणि दुसऱ्या कानात बायको. आणि दोघीही शब्दानं बोलत नव्हत्या. पोरी, मला घरी जायची घाईच वाटेना.

फिलोमिना: मी इथं वाजवून वाजवून ओठ फाडून घेतले आणि हा तिथं बसून मैफल ऐकत होता.

लोरेटा: आणि तेव्हापासून...

फिलोमिना: तेव्हापासून धुकं आलं की ती वाजवते. मी उत्तर देते. बस.

लोरेटा: आता तर सगळ्या होड्यांवर रडारचे पडदे असतात. किनारा दिसतो त्यात.

फिलोमिना: होड्यांसाठी कोण वाजवतंय?

लोरेटा: मग त्यात काय म्हणता तुम्ही? म्हणजे, काही ठरलंय का?

फिलोमिना: काय ठरायचंय? ती विचारते, आहेस का. मी म्हणते, आहे. मग ती घरात जाते, मी घरात येते.

लोरेटा: आणि उत्तर आलं नाही तर?

फिलोमिना: तर मी गेले असं समजेल. काळा कोट घालून, केक भाजून, पहिल्या फेरीबोटीनं येईल. मग इथं मला जिवंत बघून केक परत घेऊन जाईल. तुझ्यासारखी.

लोरेटा: हे तुम्ही महापौरांना का नाही सांगितलंत? मला का नाही सांगितलंत?

फिलोमिना: दंडाच्या कागदावर कारणाची जागा कुठं होती? रक्कम होती आणि तारीख होती.

लिएंडर: झाकली बघ खिडकी. फ्लॉरेन्सचं घर गेलं. चर्च गेलं. आता आपलं कुंपण जाईल... गेलं.

(दुरून, पाण्यावरून, शंखाचा लांब आवाज येतो.)

लोरेटा: हीच का ती... गाय?

लिएंडर: हीच कन्सेप्टा.

लोरेटा: मावशी, हा घ्या. घ्या ना. आजचा दिवस वाजवा, मग मी नेते.

फिलोमिना: तो कौन्सिलचा आहे. सही केलीय मी.

लोरेटा: सहीचं मी बघते.

फिलोमिना: दिलेली वस्तू मी परत घेत नाही. वस्तू परत करत फिरायची सवय तुझी असेल, माझी नाही.

लोरेटा: असं काय करता? काका, तुम्ही सांगा ना.

लिएंडर: हिला मी काय सांगणार? हिनं मत दिलं तेव्हाही मी बाजूला बसलो होतो.

लोरेटा: मग तुम्ही वाजवा.

लिएंडर: दात नाहीत मला. वारा सुटतो बाजूनं.

लोरेटा: परत वाजवतेय ती.

लिएंडर: हा वेगळा आहे. मघाचा अंगणातला होता. आता ती पुढं आलीय, खडकावर.

फिलोमिना: खडकावर कशाला गेली ही बया? शेवाळ असतं त्यावर. गुडघा धड नाही तिचा. मागच्या वर्षी काठी घेऊन चालत होती, दोरीपाशी दिसली मला.

लोरेटा: मग द्या ना उत्तर!

फिलोमिना: माझ्या हातात काय आहे आता? हे बघ हात. एप्रनमध्ये ठेवलेत.

लिएंडर: तिसरा. आखूड आला. दम लागलाय तिला.

फिलोमिना: ऐकतेय मी. दर वेळी सांगू नकोस.

लोरेटा: काका, दार उघडा. आणि मला सांगा, हा धरायचा कसा?

फिलोमिना: काय करतेस?

लोरेटा: टोक इकडं का? असं?

लिएंडर: तळव्यात धर. ओठ घट्ट मीट, आणि बेरीचं साल जिभेवरून थुंकतो तसं. फुंकर नाही घालायची, थुंकायचं.

लोरेटा: फ्फ...

लिएंडर: हे गसची बकरी शिंकल्यासारखं झालं.

लोरेटा: हसू नका. फ्फू... नाही येत.

फिलोमिना: गाल नको फुगवूस. पोटातून. आणि खाली कशाला बघतेस? तिच्याकडं बघ.

लोरेटा: तिकडं नुसतं पांढरं आहे, मावशी. काही दिसत नाही.

फिलोमिना: दिसत नसलं तरी तिकडंच बघायचं.

लिएंडर: आला! आला बघ. व्हिटलॉकची गाय आज खरंच गेली.

लोरेटा: एवढा मोठा? माझ्या बरगड्या हलल्या.

फिलोमिना: शेवटी कापलास. पण पोचला असेल.

लिएंडर: दंड होणार आता तुला.

लोरेटा: माहीत आहे. पावती मीच फाडीन, माझ्या नावानं.

फिलोमिना: टब तिथंच पडलाय दाराशी. तुझ्या दंडापुरता घे त्यातला.

लोरेटा: मासा चालत नाही म्हणून तर आणला ना परत!

फिलोमिना: तुझ्या सासूला चालेल. मग ती पैसे देईल तुला. असंच तर चालतं सगळं. तूच उगीच अवघड करून ठेवलंयस.

लोरेटा: शांत झालं. उत्तर का देत नाहीय ती?

फिलोमिना: ऐकतेय. विचार करतेय, हा श्वास कुणाचा. माझा तिला पाठ आहे. मी सुरुवातीला अडखळते, लहानपणापासून. तुझा सरळ सुरू झाला.

लोरेटा: म्हणजे मी चूक केली?

फिलोमिना: चूक नाही गं. परक्या माणसानं दार उघडलं की आपण काय समजतो, तसं ती समजेल. घरातलं कुणी उठू शकत नाही, असं.

लोरेटा: अरे देवा.

लिएंडर: पडली असेल का?

फिलोमिना: लिएंडर, तोंड मिट.

लिएंडर: मी होडी काढतो.

फिलोमिना: या धुक्यात? तुला तुझे बूट दिसत नाहीत. बस खाली. थांबा जरा दोघंही. दार उघडंच राहू दे.

लोरेटा: किती शांत आहे. आपण कुठं आहोत तेच कळत नाही. घर हललं का आत्ता?

लिएंडर: हलतं कधीकधी. धर काहीतरी, थांबेल.

लोरेटा: तो आवाज कसला?

लिएंडर: फोन.

लोरेटा: सासूबाई असतील. ऐकला असेल त्यांनी शंख.

लिएंडर: फ्लॉरेन्स फोन करत नाही. ती सरळ येते.

फिलोमिना: लोरेटा, तू उचल. कौन्सिलमधून आलेय म्हणावं. सांग की मी...

लोरेटा: काय सांगू, मावशी?

फिलोमिना: काही नको. वाजून बंद होईल.

लिएंडर: होत नाहीय.

फिलोमिना: सरक बाजूला. तो टब ओलांडू कसा मी? उचला तो आधी! ...हॅलो. ...हो. ...हो, मीच. ...नाही, तो मी नाही वाजवला. कौन्सिलची पोरगी आहे इथं, तिनं. ...नाही गं, धड आहे मी. उभी आहे. ...तू एवढ्यात घरात कशी पोचलीस? ...धावत? त्या शेवाळावरून? ...वेडी आहेस. ...हं. ...हं. ...इकडंही तसंच. काही म्हणजे काही दिसत नाही.